तनूचा डावा हात

१९ जाने., नागपूर
परवा ऑपरेशन. तनूच्या डोक्यात गाठ आहे, उजव्या बाजूला. डॉ. मॅडमनी कागदावर डोकं काढून समजावलं. मध्येच थांबणार, डोकं तसंच झाकून तिला बेशुद्धीतच शेजारच्या खोलीत एमआरआयला नेणार. गाठ उरलेली दिसली तर लगेच परत काढणार. आठ वर्षांच्या पोरीचं डोकं पुन्हा पुन्हा उघडायला नको म्हणून. मी मान हलवत होते.
फॉर्म मीच भरला. ह्यांनी न वाचता सही केली.

२० जाने.
धातूचं सगळं काढा म्हणाले. पैंजण निघेनात, साबण लावला.
"आई, ते मशीन मले वढून घेईन काय?"
"तू काय लोखंडाची हायेस काय वं?"
हसली. मग लगेच उलटी.
सायंकाळी मॅडम येऊन गेल्या. गाठीची एक कड मेंदूत डावा हात चालवणाऱ्या जागेजवळ आहे. पूर्ण काढताना तो हात कमजोर होऊ शकतो. "पण ती उजव्या हाताची आहे ना? मग पूर्ण काढायचा प्रयत्न करू." हे हो म्हणाले. मीही हो म्हटलं. फॉर्मवरही तेच आहे. तेव्हापासून शिवलेल्या कपड्यात टाचणी राहिल्यासारखं टोचतंय.

२१ जाने., बाहेरच्या बाकावर
८ ला नेलं. ११ वाजले. सासूबाईंचा जप चालू, माझी येरझार.
लिहून टाकते. तनू जन्मापासून डावखुरी. सासूबाई ओरडायच्या, "डाव्या हातानं जेवते काय वं, लोकं काय म्हन्तीन!" पण हात बांधला तो मी. माझ्या शिवणाच्या दुकानातल्या कापडाच्या पट्टीनं. जेवताना, लिहिताना. आमच्या मोताळ्यातल्या बायका ब्लाउजचं माप देता देता बघायच्या, कौतुक करायच्या. दिवाळीत तिनं आपणहून डावा वापरणं सोडलं. सवय सुटली म्हणून मी गुलाबजाम केले. तेव्हाच गाठीमुळे तो हात चालेनासा झाला असणार. आईला कळू नये?

११.४०. सिस्टर म्हणाली, आता स्कॅनला घेतलंय, तासभर लागेल. म्हणजे अजून किती काढायचं ते ठरायचंय. ह्यांना म्हटलं, मॅडमना खरं सांगते, ती डावखुरी आहे.
"आता काऊन सांगून राह्यली? त्याइले वाटन आपन खोटं लिवलं."
"लिवलंच ना खोटं!"
सगळे बघायला लागले. बघू देत. दार वाजवत सुटले. सिस्टरला दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा रडण्यात शब्दच कळेनात.

२ वाजता. मॅडम बाहेर आल्या होत्या. आठवतं तसं — बरं झालं सांगितलंत. स्कॅनमध्ये मुगाएवढा तुकडा दिसतोय, हाताच्या जागेला चिकटून. आता तोच काढणार होतो. ठेवला तर हात वाचेल. पण तो वाढूही शकतो, मग परत ऑपरेशन.

"राहू द्या." मी म्हणाले. मी. पुढे काही झालं तर हा निर्णय कुणावर ढकलायचा नाही.

२३ जाने.
शुद्धीवर आहे. डावी बोटं हलतात. तीन महिन्यांनी स्कॅन.
इथल्या खानावळीत आज मोड आलेल्या मुगाची उसळ होती. ताट तसंच परत केलं.

२५ जाने.
सासूबाई खिचडी भरवायला बसल्या. तनू म्हणे, मी खाते. चमचा डाव्या हातात घेतला. घास अर्ध्यावर थांबला, माझ्याकडे बघितलं.
"आई, ह्या हातानं खाऊ?"
"खाय माय, त्याच हातानं खाय." सासूबाईच आधी बोलल्या. मीही हो म्हटलं, दोनदा म्हटलं.
ती आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिली. मग चमचा उजव्या हातात घेतला आणि मुकाट्यानं जेवली.