नाव नको म्हणालो

बाबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आज प्रथमच तुमचा मनापासून राग आला, म्हणून लिहायला बसलोय. गावातल्या मैफलींना तुम्ही पेटीची साथ करायचात आणि निवेदक नावं घ्यायला लागला की त्याला हळूच सांगायचात, "माझं नको, सरकारी नोकर आहे." एकदा मी हौसेनं बाहेरच्या फळ्यावर खडूनं तुमचं नाव लिहिलं, तर सगळ्यांदेखत तुम्ही ते ओल्या फडक्यानं पुसलंत. मी नऊ वर्षांचा होतो. धडा मात्र जन्माचा मिळाला.

इथे परदेशात, रायस्वाइकला, ऑफिस सुटलं की मी तीन डच मित्रांबरोबर एका बंद शाळेच्या तळघरात पंक वाजवायचो. वाजवणं कसलं, नुसता आरडाओरडा. करोना आला आणि तळघराला कुलूप लागलं. फ्लॅटमध्ये ड्रम बडवले तर शेजारी भिंत ठोकतात, म्हणून जो तो आपापल्या घरी हेडफोन लावून हळू वाजवायला लागला, आणि मी जुन्या सिंथवर, म्हणजे विजेवरच्या पेटीवर, लांब सूर धरून ठेवायला लागलो, तुम्ही गाणाऱ्याच्या मागे धरायचात तसे. आमच्या पंकचं संथ, सुरेल न्यू वेव्ह झालं ते असं, नाइलाजानं. लोक घरात कोंडलेले, त्यांना तेच आवडलं. गाणं रेडिओवर लागलं, रेकॉर्ड काढायचं ठरलं.

त्या तिघांतल्या आमच्या गायिकेनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तुझ्या नावाचं स्पेलिंग सांग, कव्हरवर टाकायचंय."

"माझं नको. मी वर्क परमिटवर आहे, ऑफिसला कळलं तर प्रॉब्लेम होईल."

"नक्की?"

"नक्की."

आता निर्बंध उठलेत आणि ते गावोगाव वाजवतायत; स्टेजवर यायलाही मी नकोच म्हणालो. माझ्या जागी दुसरा उभा राहतो, माझेच सूर वाजवतो, आणि ते सुचले कसे हेही मुलाखतीत तोच सांगतो. ऐकताना जीव जळतो, बाबा. परवा कॅन्टीनमध्ये आमच्या एचआरला, ती पुण्याचीच आहे, सहज म्हणून विचारलं. ती हसली. "बँड? अरे, खुशाल वाजव की! आधी का नाही विचारलंस?" मी ताट तसंच ठेवून उठलो.

सगळं खापर तुमच्यावर फोडायचं ठरवून बसलो होतो. पण हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू? दोन वर्षं ती एचआरवाली रोज ऑफिसच्या कॉलवर समोर होती. मी विचारलं नाही, कारण ती 'वाजव' म्हणेल आणि मग नावानिशी उभं राहावं लागेल, याचीच मला भीती वाटत होती.