कम्प्युटरचं झाकण

प्रिय रुख्मिणीताई,

एसटीवाल्या केशोरावच्या हातून पुडकं आलेलं पाहून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. धानाची रोवणी आटोपली, बा दोन्ही वेळा नीट जेवतो. कालच फोनवर बोललो, मग चिठ्ठी कायले, असं तू म्हणशील. ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर तू हसशील आणि पुढचं वाचणार नाहीस.

माझं ऑनलाइन कामांचं दुकान चाललं आहे. गेल्या आठवड्यात दिवसभर सर्व्हर बंद होता. चंदाबाई हयातीच्या दाखल्यासाठी सकाळपासून बाकावर बसून होत्या. दुपारी म्हणाल्या, "मी तुह्यासमोर बसून राहिली, अन् तुहा कम्प्युटर म्हणते दिसत नाई. त्याले चष्मा लाव ना बाबू." सगळे हसले, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड घेतलं आणि इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. बा बघत होता. म्हणाला, "याचा बस चालला तं सूर्याले बी बॅटरी लावून ठेवन हा."

बा चिडवतो, पण त्यालाही ठाऊक आहे हे वेड मला कुठून लागलं ते.

आईनं तुझ्यासाठी आणलेला डिंक अजून फळीवर आहे. डब्याला कुणी हात लावत नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण इथंच करीन, असं ती सगळ्या आळीला सांगत होती. आता तू सासरीच राहायचं ठरवलंस, तेही बरोबर आहे. इथं आम्ही दोघं पुरुष, कोण काय करणार? पण कैलाशभाऊजी कामाला रायपूरला, तुझ्या सासूबाईंचे गुडघे तसे, आणि तुमच्या गावचा टॉवर जरा वारा आला की बंद. मला रात्री झोप लागत नाही, ताई.

वैशाखातल्या त्या वादळाच्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. आई सकाळी गेली. मी तुला फोन लावत होतो, लागत नव्हता. मग मेसेज पाठवला. एकच खूण आली, दुसरी येईना. काका म्हणाले, पाठवला ना, पोचते. बानं विचारलं, मीही तेच सांगितलं. आणि ताई, दुपारी तुमच्या गावची मुक्कामी एसटी आमच्या दारासमोरच्या स्टँडवर उभी होती. केशोराव खाली उतरून चहा प्यायला. तो रोज तुझ्या अंगणावरून गाडी नेतो. त्याला नुसतं सांगायचं होतं. इतकी माणसं जमली होती, पण एकालाही ते सुचलं नाही. सगळे माझ्या फोनकडे बघत होते. तू आलीस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

म्हणून हे पुडकं. उघडलंस की ओळखशील. जुना कम्प्युटर घेतला तेव्हा धूळ बसू नये म्हणून आईनं आपल्या शेंदरी लुगड्याचं झाकण शिवलं होतं, तेच आहे. मी शिवण उसवून कापड मोकळं केलं. दुखायला लागलं आणि फोन लागला नाही, तर दवाखान्यात न्यायला आधी तिकडच्या केवळरामच्या जीपकडे माणूस धाडायचा. त्याचं घर आजच पायी जाऊन बघून ये. मग हे कापड अंगणातल्या दांडीवर टाकायचं. केशोराव सकाळी गाडी काढताना दांडीकडे बघेल. शेंदरी दिसलं की इथं गोरेगावला आपल्या दारासमोर उतरून मला सांगेल. निरोप आला की काकू तुझ्याकडे निघेल; तिची पिशवी भरून ठेवली आहे, त्यात डिंकही टाकतो.

पण जी गोष्ट कधी करून पाहिली नाही, तिच्यावर माझा भरवसा बसत नाही. म्हणून या बुधवारी, सगळं ठीक असताना, एकदा ते दांडीवर टाक. फोनवर मला काही सांगू नकोस. बा म्हणतो, खुळ्यासारखं काम आहे. पण काल त्यानं केशोरावला दोनदा विचारलं, बुधवारी गाडी किती वाजता येते. आणि आज सकाळी धुतलेला सदरा काढून खुंटीला लावला आहे.

तुझाच, बुधवारी बासोबत स्टँडवर उभा असणारा,
जागेश्वर