सूनबाईंचा कॉम्प्युटर आणि कंपनीचा ड्रायव्हर

श्री. विजयसिंहराव, मुक्काम कऱ्हाटी, यांना बावड्याहून मानसिंगचा रामराम. इकडं आम्ही दोघं ठणठणीत. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पार पडलं, डोळ्याला आता लांबचं दिसतं, हे ऐकून बरं वाटलं. विहीणबाईंना नमस्कार. प्रगती माहेरी रमली असेलच.

पत्रास कारण असं की, परवा मोठ्या पडद्यावर कुस्ती बघावी म्हणून मी तिचा कॉम्प्युटर लावला. (पासवर्ड तिनंच देऊन ठेवलाय, पोर मोठ्या मनाची.) तर ‘अपडेट करायचं का?’ अशी पाटी आली. इतक्या अदबीनं विचारल्यावर नाही म्हणणं बरं दिसेना. केलं, आणि पडदा काळाठिक्कर! कोपऱ्यात नुसती एक रेघ लुकलुकतीय. फोनवर शोधल्यावर कळलं, की चित्र दाखवणाऱ्या कार्डाला ड्रायव्हर लागतो (ट्रॅक्टरवरचा आपला गोकुळ नव्हे, कार्ड चालवणारा प्रोग्रॅम). एक फुकटचा आणि एक कार्डाच्या कंपनीचा, आणि दोघं एका घरात नांदत नाहीत. मी फुकटवाल्याला बाहेर काढून कंपनीवाल्याला बसवायला घेतलं. आमच्या मुक्ताबाई फोनवरच्या आज्ञा वाचणार, मी टाईप करणार.

“हितं आडवी रेघ हाय.”

“एक का दोन?”

“दोन. न्हाय, एकच. थांबा, चष्मा पुसते. अवो, त्यापरीस प्रगतीला फोन लावा की!”

“अजाबात न्हाय!”

त्या एका रेघेत दुपार गेली. विजयसिंहराव, गंमत बाजूला ठेवा. लोणी देवकरच्या एका कारखान्याच्या शेडचं प्रगतीनं आखलेलं चित्र त्या डब्यात आहे. पोरीचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम, मंगळवारी द्यायचंय. माझ्यापायी ते गेलं तर तिला तोंड कसं दाखवू? घास उतरला नाही. ड्रायव्हर बसवला, की दरवेळी एक निळा पडदा येऊन इंग्रजीत काहीबाही विचारतो, मी ‘पुढे चला’ दाबतो, की परत काळोख. पण मी सोडणार नाही. आज पुन्हा पहिल्यापासून बसवतोय.

तुमचा, कंबर कसलेला व्याही,
मानसिंग

ता. क. खरं काम हे, की प्रगती उद्या निघते म्हणतीय. तिला रविवारपर्यंत ठेवून घ्या. भेंडी तोडायला माणूस नाही म्हणा, काहीही म्हणा. तुमचा फोन तीच उचलते, म्हणून भाजीच्या गाडीवरच्या रामकडं हे पत्र देतोय.

आणखी ता. क. राम गाडी वळवत होता तेवढ्यात प्रगतीचाच फोन. “आबा, निळ्या पडद्यावर ‘पुढे चला’ दाबू नका. ‘किल्ली नोंदवा’ दाबा, आन् ड्रायव्हर बसवताना ठेवलेला पासवर्ड टाका. त्याबिगर कॉम्प्युटर कंपनीवाल्याला आत घेत न्हाय.” मी म्हटलं, “तुला कुणी सांगितलं गं?” “आईंनी. पहिल्याच दिवशी. चित्राची दुसरी प्रत माझ्याजवळ हाय, तुमी जेवा निवांत.” दाबलं. पडदा उजळला, शेड पत्र्यासकट जागेवर! तेव्हा प्रगतीला खुशाल पाठवा. मुक्ताबाईंना मात्र याच गाडीत बसवून देतोय, त्यांना रविवारपर्यंत ठेवून घ्या. आता हात बसलाच आहे म्हणून मी प्रिंटर खोललाय, आणि ते त्यांना अजून ठाऊक नाही.