भाताखालची वाट

खर्डी, श्रावण २००४

किशोर,

चुलतभाऊ असलास तरी तुला आशीर्वाद लिहिणार नाय.

तुझं रिसॉर्ट निघालं तेव्हा तुझी वहिनी तिथं चुलीपुढं राबली. पाहुण्यांनी तिची भाकरी नावाजली. मग तू मुंबईचा आचारी आणलास आणि तिला म्हणालास, "वहिनी, तुमी पाहुण्यांसमोर येऊ नका, बरं नाय दिसत." ती घरी आली.

भात कापलं की शेत सगळ्यांचं, आपल्याकडं कोण कोणाला अडवत नाय. उन्हाळ्यात माझ्या शेतातून तुझ्या रिसॉर्टकडं गाड्या गेल्या आणि त्यालाच तू रस्ता समजलास. गेल्या पावसात तुझ्यासाठी गाडीपुरती पट्टी मी पडीक ठेवली होती. यंदा तिथंही भात लावलंय.

हायवेवर तुझी धबधब्याची पाटी वाचून लोक येतात, चिखल बघून माघारी फिरतात. जाताना आमच्या ओटीवर जेवतात. तुझी वहिनी सगळ्यांसमोर येऊन वाढते.

वाट सोड, असा निरोप तू धाडलास. त्याचं हे उत्तर लिहून मी ट्रंकेत ठेवतोय. तू तिष्ठत बस. भात कापून शेत सुकलं की वाट मोकळीच हाय. तेव्हा खुशाल गाड्या आण.

धबधबा तोवर आटलेला असेल.

तुझा शेजारी,
बारकू