अकरा नंबरचा डबा

मी, शेषराव किसन भगत, वय ७८, राहणार मंगरूळपीर, जि. वाशीम, टुरिंग टॉकीजचा माजी मालक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोळे अधू आहेत. बुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पत्नी चंपाबाई हिच्या हयातीत तिचे. तिच्यानंतर मुलगा नरेंद्र व मुलगी पौर्णिमा यांना सारखे.

२. टॉकीजचा पडदा कोणाला देता येत नाही. चंपाबाईने त्याची गोधडी शिवली आहे.

३. माझी लोखंडी खुर्ची मित्र जगदेव यास. त्याने सगळे सिनेमे पडद्याच्या मागे बसून फुकट पाहिले. त्याच्या मते सगळे नट डावखुरे आहेत. आता तरी त्याने समोर बसावे.

४. अकरा नंबरचा डबा. हे कलम वाचताना चंपाबाईस चहा करायला पाठवावे.

१९८१ साली मी विहिरीतल्या बाईच्या सिनेमाची जुनी प्रिंट विकत घेतली. तेरा रिळे, तेरा डबे. उरुसातल्या पहिल्या खेळाला अकरावा डबा एसटीच्या टपावरच राहिला. बाई तोंड दाखवते ते नेमके हेच रीळ. दहावे संपताच मी बारावे लावले. विहिरीच्या काठावर हात आला आणि एकदम सकाळ झाली. तंबूत कोणी शिटी मारली नाही. घरी कोणी एकटे गेले नाही. चंपाबाई म्हणाली, "तोंड काहून नाई दिसलं तिचं? दिसलं असतं तं भेव तरी सरलं असतं."

दुसऱ्या दिवशी एसटीचे ड्रायव्हर मोहनसिंग डबा घेऊन आले. मी ते रीळ एकट्याने लावून पाहिले आणि डबा बंद केला. पुढे इंझोरीपासून रिसोडपर्यंत तो सिनेमा बारा रिळांचाच दाखवला.

गेल्या वर्षी त्याचा दुसरा भाग आला. नरेंद्रने आम्हाला वाशीमला नेले. बाई पाचव्या मिनिटाला समोर उभी. मग तिचे बालपण, तिचा आजार, तिच्या सासरचे लोक. आधार कार्ड तेवढे दाखवायचे राहिले. चंपाबाईने डोळ्यांवरून पदर काढलाच नाही. तिला सिनेमा आवडला.

परतताना मी कुरकुर केली, तेव्हा नरेंद्र म्हणाला, "बाबा, जुना बी असाच असन. तुमी तवा जवान होते म्हून भारी वाटते." मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

सबब, डबा नरेंद्र यास. तुझे बरोबर होते. तिच्या तोंडाला पीठ फासले आहे, नखे रबराची आहेत आणि मनगटावर घड्याळ आहे.

आईला हे रीळ दाखवू नये. गल्लीतली विहीर आली की ती अजून माझी बाही धरते. पुढे तिथून जाताना तू तिच्या शेजारी चालावे. सदरा पूर्ण बाहीचा असावा.

सही: शेषराव किसन भगत

आमच्यासमोर सही झाली:
१. मोहनसिंग राठोड, निवृत्त एसटी ड्रायव्हर (डबा मी उघडला नव्हता)
२. हरीओम गणपत इंगोले, शेजारी

मंगरूळपीर, ११ जून २०२५