अंबूचा सासरा

३० जुलै २००३, बुधवार

आज सकाळी आंघोळ, देवपूजा आटोपली आणि कपाटावरची ती कादंबरी खाली काढली. धूळ झटकली. नव्या लाल फडक्यात गुंडाळून पोथीच्या चौरंगावर ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, तेरड्याची फुलं वाहिली आणि हात जोडले.

दरवर्षी श्रावणात माझ्या ओटीवर पोथी लागते. यंदा पोथीच राहिली नाही. कौल फुटलं, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ओल आली आणि वाळवीनं मधली पानं खाल्ली. शहापूरला जाऊन दुसरी आणता आली असती. पण मनात आलं, यंदा हीच वाचावी. वाचनालयानं जुनी पुस्तकं बाहेर काढली होती, त्यात मिळाली. पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाव माहीत नाही, लिहिणाराही माहीत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका बालविधवेची गोष्ट. नाव अंबू. मी तीनदा वाचली. तिन्ही वेळा रडलो!

समीक्षा, माझी सून, ओटीवर झाडू मारत होती. म्हणाली, "मामा, ही पोथी नाय. कादंबरी हाय."

म्हटलं, "तिच्यातली बाई देवीपेक्षा कमी नाय."

ती झाडतच राहिली. ओमकार गेला त्याला आता वर्ष होईल. आसनगावहून मोटारसायकलवर येत होता. हायवेवर ट्रकनं उडवलं. आमचा एकुलता. समीक्षा तेव्हा बावीस वर्षांची. तिला आईबाप नाहीत, भिवंडीचा भाऊ म्हणतो, "दिली ती दिली." दिवसभर शिलाई मशीनवर मान खाली घालून बसते. ओटीवर चार बाया येतील, तिलाही बरं वाटेल, हाही हेतू होताच.

२ ऑगस्ट, शनिवार

नागपंचमी. कापायचं नाही, चिरायचं नाही, म्हणून बाया मोकळ्या. ओटी भरली. लावणीही संपलेली. अंबूच्या सासरचं प्रकरण वाचलं. दीर बोलतो, जावा बोलतात, ही धुण्याचे पिळे उचलते आणि विहिरीवर जाते. एक शब्द नाही! केवढं ते सोसणं.

बाईजा मागे खांबाला टेकून बसली होती. लग्नात धवले गाणारी ही आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण. तिच्या धवल्याशिवाय इकडे कुणाचं लग्न लागत नाही. ती म्हणाली, "जयराम, ही अंबू कवा तरी शिवी देणार का नाय? का आमी अख्खा श्रावण वाट बघायची?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. समीक्षासुद्धा हसली. मला राग आला. देवाच्या कामात थट्टा!

नंतर वाटलं, समीक्षाला हसताना किती महिन्यांनी पाहिलं.

९ ऑगस्ट, शनिवार

अंबूचे केस काढले. ओटीवर कुणी हललं नाही. समीक्षा उठून आत गेली.

११ ऑगस्ट, सोमवार

उपास. महादेवाला जाऊन आलो. वाटेत त्याच विचारात. सातवीपर्यंतच शाळा झाली माझी, पण वाचायचं वेड सुटलं नाही. जुनी नाटकं वाचली, मोठमोठ्या कादंबऱ्या वाचल्या, परक्या देशातल्या मडमांच्या गोष्टीही. चांगली बाई असली की शेवटी मरते. कुणी विहिरीत, कुणी विष घेऊन, कुणी नुसतीच झुरून. मरायची तऱ्हा तेवढी निराळी. आणि मेल्यावर सगळे म्हणतात, काय बाई होती!

मीही म्हणतो. खोटं कशाला लिहू? या बायांपुढे माझी मान आपोआप वाकते. आपण पुरुष दात दुखला तरी घर डोक्यावर घेतो.

आमच्या जातीत तरी बरं. विधवेचा पाट लागतो, दुसरं घर मिळतं. अंबूला तेही नव्हतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज नवल झालं. शेजारची मैना तिच्या नव्या सुनेला, बारकीला, घेऊन आली. वाचन संपल्यावर तिला म्हणाली, "जा, समीक्षाच्या पाया पड. आपल्या गावातली अंबू हाय ती. भर वयात दादला गेला, पण कवा वर मान केली नाय. तिच्यासारखी रहा."

बारकी खरंच वाकली. हौसानं, माझ्या बायकोनं, डोळ्यांना पदर लावला. मला — आज लिहूनच टाकतो — अभिमान वाटला.

समीक्षानं पाय मागे ओढून घेतले. लुगड्यावर निखारा पडावा तशी दचकली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडावंदन. परतताना देवराम भेटला. माझा चुलत भाऊ, भावकीत थोरला. म्हणाला, "सून तुझी सोनं हाय रे. घराण्याचं नाव राखलान." आता गावभर हेच चाललंय. समीक्षा दळणाला गेली तर बाया वाट सोडतात म्हणे.

१७ ऑगस्ट, रविवार

काळूराम आला होता. मुरबाडचा. शिलाई मशिनी दुरुस्त करतो, शहापूरच्या बाजारात बसतो. समीक्षाचं मशीन त्यानंच दोनदा दुरुस्त केलेलं. मला वाटलं, मशिनीचंच काम असेल. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि सरळ म्हणाला,

"मामा, तुमची परवानगी आसंल तर मी समीक्षाशी लगीन करीन."

मी त्याचा कप उचलून बाजूला ठेवला.

"तिला इचारलंय. ती बोलली, मामांना इचार. ते हो बोलले तरच. म्हणून आलो."

पोराचं अजून लग्न झालेलं नाही. आई आहे, घर आहे, व्यसन नाही. बोलताना नजर खाली नाही, वरही नाही. आवडला मला. तरी तोंडातून निघालं, "पोथी चालू हाय. श्रावण संपू दे."

तो म्हणाला, "संपू दे," आणि गेला. पोथीच्या आड लपलो मी!

२० ऑगस्ट, बुधवार

हौसाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "ती गेली तं माजा ओमकार दुसऱ्यांदा जाईल," एवढंच म्हणाली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

समीक्षाशी बोललो. जसं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, "पोरी, तुझ्याबद्दल सगळ्या गावाला किती मान हाय, बघतेस ना? अंबूच्या जागी तुला बघतात."

ती मशीन थांबवून म्हणाली, "मामा, ती अंबू तुमाला आवडते कारण ती मेली."

"असं नाय गो."

"तसंच हाय. तिनं भाकर मागून घेतली असती, केस वाढवलं असतं, कुणाचा तरी हात धरून बाजाराला गेली असती, तं तुमी तिला लाल फडक्यात बांधली असती का? फुलं घातली असती का?"

मी मशीनवरचं कापड उगीच सरळ केलं.

"बारकी माज्या पाया पडली. माज्याहून तीनच वर्सांनी लहान हाय ती. मला काय वाटलं, ठाव हाय? मला जित्तीच देवळात बसवली. देवळातल्या देवीला कोण इचारतं, तुला भूक लागली का?" मग आवाज उतरवून म्हणाली, "तुमी माजं वाईट नाय केलंत, मामा. तुमी माया केलीत. म्हणून तं मला पळून जाता येत नाय."

आणि पुन्हा मशीन चालू केलं.

एवढी मोठमोठी पुस्तकं वाचली. असं वाक्य कुठं वाचलं नव्हतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज वाचन केलं नाही. घसा बसला म्हणून सांगितलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

दुपारी शेवटचं प्रकरण एकट्यानं वाचलं. चौथ्यांदा. अंबू मागच्या खोलीत अन्न सोडते आणि जाते. मग तिचा सासरा ऊर बडवतो. म्हणतो, घरातली लक्ष्मी गेली. तिच्या नावानं पाणपोई घालतो. तिन्ही वेळा मी इथेच रडलो होतो, त्या सासऱ्याच्या दुःखानं.

आज डोळ्यांत पाणी आलं नाही. पानं उलटी चाळली. हा माणूस पहिल्यापासून घरात आहे. केस काढतात तेव्हा बाहेर सोप्यात बसलेला आहे. जावा बोलतात तेव्हा पूजेत आहे. भला आहे, देवभोळा आहे, कधी ओरडत नाही. एका शब्दानं सगळं थांबवता आलं असतं, कुठल्याही पानावर. तो शब्द सोडून बाकी सगळं त्यानं केलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी अंबूच्या बाजूचा. या गोष्टीत माझ्यासारखा माणूस एकच आहे, तो सासरा.

देवा, बरं केलंस दाखवलंस.

२७ ऑगस्ट, बुधवार

समाप्ती. शिरा केला होता. देवरामसह भावकीतले पुरुषही आले. काळूरामला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

शेवटचं प्रकरण वाचलं नाही. सांगितलं, अंबू मरते, एवढं पुरे. मग हात जोडून म्हटलं, "आमची समीक्षा जिवंत हाय. काळूरामशी तिचं ठरवलंय. भात झोडून झालं की उरकू."

गलका! मैना म्हणाली, "अरे, परवाच माज्या सुनेला तिच्या पाया पाडली!" जसं काही पाया पडणं आता फुकट गेलं.

देवरामनं सगळ्यांना गप्प केलं. "पाट लावायला कुणाची ना नाय. आपल्यात चालतो. पण रितीनं. काळोखात, वाजंत्री नाय, मांडव नाय, सवाष्णींनी तोंड बघायचं नाय. आणि पोरगा बिनलग्नाचा हाय, तं आधी त्याचं रुईच्या झाडाशी लगीन लावायचं, मग बाईशी. आणि पाट लागून गेलेली बाई पयल्या घराचा उंबरा परत चढत नाय."

काळूराम म्हणाला, "लावा रुईशी. पण त्या रुईलाबी इचारा कुणीतरी, तिची मर्जी हाय का."

बाईजा खांबाला धरून हसली, ठसका लागेपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाली, "माजा पाट लागला तवा कंदीलबी झाकलेला. दादला कसा दिसतो ते सकाळी कळलं. बघते तं चकणा!" सगळे हसले. ती हसली नाही. "भला होता बिचारा. पण चोरीचा माल आणल्यागत आणली मला. जयराम, पाटाला मी धवला गात नाय, रीत नाय. तू लगीन म्हण. दिवसाउजेडी मांडव घाल. मग घसा फुटंपर्यंत गाते."

मी म्हटलं, "लगीन."

देवराम शिरा न खाता उठला. हौसा आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

७ सप्टेंबर, रविवार

हौसा बोलत नाही. माझ्याशीही नाही, समीक्षाशीही नाही. गणपती आले, गेले, आरतीला उभी राहिली, पण तोंड मिटलेलं. ताट मात्र वेळेवर. समीक्षाच्या ताटात तुपाची धार आधी पडते, माझ्या नंतर. हिला काय म्हणावं? कुठल्याच पुस्तकात हिच्यासारखी बाई नाही. पोटचा पोर गेला, आता त्याची उरलेली खूण जाणार. तरी तूप विसरत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा. आपटा द्यायला भावकीतून कुणी आलं नाही. बाईजा आली. बारकी आली, सासूला न सांगता. समीक्षाला सोनं दिलं आणि पाया पडण्याऐवजी गळ्यात पडली.

९ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न झालं. आता आपलं. भिवंडीच्या भावाला निरोप धाडला, तो येत नाही. मग मुलीच्या बाजूनं कोण? देवराम म्हणतो, "सासरा कवा सुनेचा बाप झालाय का?" झाला नसेल. मी होईन.

हौसाला विचारलं, "माझ्या बाजूला बसशील?" ती उठून गोठ्यात गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

लग्न लागलं. अंगणात मांडव, डोक्यावर ऊन, वाजंत्री शेणवे गावची. कन्यादानाला पाटावर मी एकटाच बसलो. बाईजानं असे धवले गायले की रस्त्यावरची माणसं थांबली! मैना कुडाआडून बघत होती. शेवटी अक्षता घेऊन मांडवात आलीच. देवराम आला नाही.

समीक्षाला हिरवा चुडा किती शोभला! निघताना ती हौसाच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. दार उघडलं नाही. जीपमध्ये बसताना म्हणाली, "मामा, आत्याला सांगा, तिची गोळी फडताळात ठेवलीय."

घर मोठं वाटतंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लग्नानंतर पाचव्या दिवशी मुलीचा बाप जावयाच्या घरी जाऊन मुलीला माहेरी आणतो. देवरामचा निरोप आला, "जयराम, तेवढं तरी करू नकोस. ती उंबरा चढली तं भावकी तुटली समज."

हौसानं ऐकलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळच्या एसटीनं मुरबाडला गेलो आणि समीक्षाला माहेरी घेऊन आलो. देवराम त्याच्या ओटीवर बसून बघत होता. मी तिची पिशवी हातात घेऊन त्याच्यासमोरून चाललो.

हौसा दारात उभी होती. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. समीक्षावरून ओवाळून तुकडा टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, हाताला धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बघितलं आणि म्हणाली,

"बारीक झालीस गो."