अवघड वाजवतोस, बाह लाम

२ ऑगस्ट, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढे उपयोगी पडेल.

जुलैत दोन आठवडे सोबत वाजवून बघितलं आणि किटबोकनं मला बँडमध्ये गिटारवर घेतलं. शिलाँगात त्याच्यासारखा ड्रमर नाही, हे त्याच्याशी भांडलेलेही मान्य करतात. गाणं वगैरे नाही, नुसतं वाजवणं. रचना एकच. एकोणीस मिनिटं, तेरा मात्रा, मध्येच अकरा होतात. रेकॉर्डिंग ऐकून थक्क झालो. सातव्या मिनिटाला चहा ठेवल्याचं आठवलं, म्हणून पुढचं राहिलं.

काल संध्याकाळी घरी चर्चा. घर सासूबाईंचं, पुढे इबानचं, कारण माझी बायको सगळ्यांत धाकटी आणि आम्हा खासींत घर धाकट्या लेकीला जातं. निर्णय मामांचा, म्हणजे सासूबाईंच्या भावाचा. मी जावई. माझं मत विचारतात, धरत नाहीत. मामा म्हणाले, नोव्हेंबरच्या महोत्सवात निवड झाली तर वाजव आयुष्यभर, नाही झाली तर माझ्या सिमेंटच्या दुकानात बस. मी लगेच हो म्हटलं. निवड होणारच आहे, हो म्हणायला काय जातंय.

५ ऑगस्ट
संकल्प: रोज चार तास प्रॅक्टिस.
आज पन्नास मिनिटं. बोटं तापली. मग जुनी कंट्री गाणी लावली, तीन-तीन कॉर्डची. ऐकायला नव्हे, कानांना विश्रांती म्हणून. विश्रांती अडीच तास चालली.

११ ऑगस्ट
प्रॅक्टिस स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. सासूबाई पलीकडे पान-सुपारी चघळत बसतात, म्हणजे ऐकतातच. विचारलं, मेइ, कसं वाटतंय? म्हणाल्या, मला वाटलं शिडी पडली. त्यांच्या पिढीला वेळ लागेल.

२३ ऑगस्ट
लाइतुमख्राच्या कॅफेत पहिला कार्यक्रम. प्रचंड यश. बत्तीस माणसं. एकतीस गिटार वाजवणारे, बत्तिसावी इबान. एकतीसही जण अगदी पुढे, हाताची घडी घालून, नजर माझ्या डाव्या हातावर. कुणाचा पायसुद्धा हलला नाही. टाळ्या बेताच्या, कारण लोक मात्रा मोजण्यात गुंतले होते.

नंतर एकेक जण येऊन म्हणाला, अवघड वाजवतोस, बाह लाम. बाह म्हणजे दादा, मान देऊन. "छान" एकानंही म्हटलं नाही. छान काय, कुणालाही म्हणतात.

इबान डोळे मिटून ऐकत होती. तिचं म्हणणं झोपली होती. मला वाजवताना दोन जांभया आल्या. कॅफेत हवा खेळती नाही.

६ सप्टेंबर
किटबोक प्रत्येक तुकडा वाजवून झाला की माझ्याकडे बघतो. मी मान डोलावतो. आज त्यानं आणखी चार मिनिटं वाढवली. मी सोलो दुप्पट वेगानं घेतला. त्यानंही मान डोलावली. अशी जाणकार सोबत नशिबानं मिळते.

एकूण तेवीस मिनिटं.

१९ सप्टेंबर, दुपार
निवड फेरी दोन आठवड्यांवर. बसवत नाही. गिटारच्या तारा बदलल्या. तासाभरानं परत बदलल्या. मेट्रोनोम बंद केला तरी डोक्यात टकटक चालूच. अंगणात दहा फेऱ्या मारल्या, त्याही तेरा-तेरा पावलांच्या. नर्व्हस अजिबात नाही, तसं इबानला चारदा सांगितलं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, लाम, तुला हे आवडतं का रे? आता याला काय उत्तर द्यायचं. म्हटलं, इथे आवडण्याचा प्रश्नच नाही, समज लागते. म्हणाली, लग्नाआधी आमच्या चुलीपाशी बसून वाजवायचास, त्याला काय लागायचं? म्हटलं, त्यात चुका असायच्या. म्हणाली, ठाऊक आहे, मी चुकांसकट ऐकायचे.

तिला थिअरी येत नाही. पण नंतर प्रॅक्टिसला बसलो तर बोटं उगाच अडखळत राहिली.

४ ऑक्टोबर
निवड फेरी. एक चूक नाही. तीन परीक्षक, तिघेही गिटारवाले. एक तर खुर्ची सोडून स्टेजवर आला आणि वाकून माझी बोटं बघत राहिला. नंतर वीस मिनिटं प्रश्न. तारा कुठल्या, पिक कसं धरतोस, मनगट दुखत नाही का.

आमच्यानंतर मावलाईच्या तीन बहिणी. कॉर्ड तीन, त्यातला एक बेसूर. त्यांना परीक्षकांनी एकही प्रश्न विचारला नाही, नुसते मागे रेलून पाय हलवत बसले. मला त्या बायकांची कीव आली. माझाही पाय हलत होता, पण हॉलमध्ये गारठा होता.

मामांना म्हटलं, दुकानाला दुसरा माणूस बघा. मामा हसले. 

७ ऑक्टोबर
त्या बहिणींची निवड झाली.

वाकून बघणाऱ्या परीक्षकाला फोन केला. म्हणाला, बाह लाम, तुझ्यासारखा हात या शहरात नाही, मी जन्मात असं वाजवू शकणार नाही. मग? म्हणाला, मग काय, महोत्सवात मला बायकोबरोबर बसून गाणं ऐकायचंय.

८ ऑक्टोबर
किटबोकचं सांत्वन करायला गेलो. तो जादोह खात होता, डुकराच्या मटणाचा भात, दुसऱ्यांदा वाढून घेऊन. म्हणाला, सुटलो बाबा. म्हणाला, मूळ रचना पाच मिनिटांची होती, साधी, गुणगुणण्यासारखी. जुलैत पहिल्या दिवशी सहज एक अवघड तुकडा वाजवला तर तू मान डोलावलीस, म्हणून वाढवत गेलो. मला वाटलं, एवढा मोठा गिटारवाला, याच्यासमोर साधं कसं वाजवायचं.

मी म्हटलं, तू बघत होतास म्हणून मी मान डोलावली. तो म्हणाला, तू कंटाळलास की काय ते बघत होतो.

 तो जेवत होता.

जाता जाता समजलं, बहिणींनी त्याला ड्रमवर बोलावलंय. तो गेलाही आहे. त्यांना आणखी एक गिटार लागेल का, असं मी सहज विचारलं. म्हणाला, तुझं नाव मीच सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, बाह लाम आमचं साधंसुधं कशाला वाजवेल.

फार जड गेलं. पायीच घरी आलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
दुकान, सकाळी आठ. मामांनी गोण्या कशा मोजून उतरवायच्या ते दाखवलं.

दुपारी इबान डबा घेऊन आली. म्हणाली, तुझी ती रचना एकदा गुणगुण ना, आता पुन्हा कुठे ऐकायला मिळणार. मी सुरू केलं. म्हणजे करायला गेलो. दोन महिने रोज वाजवली, एक ओळ तोंडातून निघेना. बोटं काउंटरवर भराभर चालत होती, पण सूर कुठला ते आठवेना. पुन्हा प्रयत्न केला. ती थांबली होती.

मग तिनं डबा उघडला आणि म्हणाली, जेव, गार होतंय.